सेकंडहँड स्किड स्टीअर घेण्याआधी

बाजारात ज्याला सरसकट बॉबकॅट म्हणतात, तो स्किड स्टीअर लोडर जुना घेताना बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. दलाल फोटो पाठवतो, रंग बरा असतो, किंमत आवाक्यात असते आणि सौदा होतो. मग याला ब्रेकर लागेल का, ऑगर चालेल का, अशी चौकशी सुरू होते. तोवर पैसे अडकलेले असतात. या मशीनची कमाई मशीन करत नाही, पुढे लावलेली अटॅचमेंट करते. म्हणून आधी काम ठरवा, कामावरून अटॅचमेंट ठरवा आणि तिला लागेल तेवढे वजन व तेल देणारे मशीन शेवटी शोधा.

या मशीनचा जन्म एका पक्षीपालकाच्या गरजेतून झाला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉथसे गावी सिरिल आणि लुई केलर या भावांनी १९५७ साली एका टर्कीपालकासाठी छोटा तीनचाकी लोडर बनवून दिला. त्याच्या दुमजली शेडमधल्या खांबांमधून फिरेल आणि वरच्या मजल्याला पेलवेल, असे काहीतरी त्याला हवे होते. पुढच्याच वर्षी मेलरो कंपनीने ती कल्पना घेतली आणि १९६० मध्ये चारही चाकांना ताकद देणारे मॉडेल आणले. आपल्याकडे पोल्ट्रीतले लिटर उपसणे, गोठ्यातले शेण ओढणे, कारखान्याच्या शेडमध्ये कोळसा किंवा बगॅस सरकवणे ही कामे याच जातीची. जागा अरुंद, वळायला वाव नाही आणि तिथे मोठा लोडर शिरतच नाही.

वळण्याची पद्धत एकदा नीट समजली की जुन्या मशीनमध्ये काय तपासायचे ते आपोआप कळते. याची चाके ट्रॅक्टरसारखी तिरपी होत नाहीत. डावीकडची दोन्ही चाके एकत्र फिरतात, उजवीकडची दोन्ही एकत्र. एक बाजू हळू आणि दुसरी जोरात फिरली की मशीन वळते, म्हणजे टायर जमिनीवर अक्षरशः घासत, फरफटत वळतात. हा सगळा ताण टायरवर, ॲक्सलवर, आतल्या चेनवर आणि दोन्ही बाजूंच्या हायड्रॉलिक मोटरवर येतो. बाहेरचे पत्रे नवे दिसू शकतात, पण खरी झीज या चार ठिकाणी लपलेली असते.

आता वजनाचे गणित. मशीनच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत ‘रेटेड ऑपरेटिंग कपॅसिटी’ लिहिलेली असते. टायरवाल्या मशीनसाठी ती उलटण्याच्या वजनाच्या निम्मी धरतात. म्हणजे १४०० किलोला मशीन पुढे कलंडत असेल, तर कामाचे वजन ७०० किलो. विक्रेता १४०० चा आकडा सांगत असेल, तर त्याला नीट विचारा की हा कोणता आकडा. ०.४ घनमीटरच्या बकेटमध्ये सुटा मुरूम भरला तर साधारण ६०० ते ६५० किलो होतो, तेव्हा ७०० किलोचे मशीन मुरमाला पुरते. त्याच बकेटमध्ये बगॅस ५०–६० किलोच मावेल. अशा हलक्या मालाला मोठी, उंच पाठीची बकेट लागते. फोर्क लावला की गणित पुन्हा बदलते, कारण मालाचा मध्य बकेटपेक्षा पुढे जातो. ७०० किलोचे मशीन आहे म्हणून सिमेंटच्या चौदा गोण्या पॅलेटवर उचलू नका. फोर्कसाठी मशीनची वेगळी मर्यादा असते, ती कमी असते. उघडमीट होणारी फोर-इन-वन बकेट घेतली, तर तिचे स्वतःचे जास्तीचे वजनही त्यातूनच वजा होते.

आर्म दोन प्रकारचे येतात. एकात बकेट गोलाकार वर जाते, दुसऱ्यात जवळजवळ सरळ. डंपर भरायचा असेल तर सरळ उचलणारे बरे, कारण अगदी वर गेल्यावरही बकेट पुढे पोहोचते. खोदकाम, सपाटीकरण, गोठा, ब्रेकर यांसाठी गोलाकार उचलणारे पुरते. त्यात पिना कमी असतात, आणि जुन्या मशीनमध्ये कमी पिना म्हणजे कमी खर्च. दोन्ही एकाच भावात मिळत असतील आणि डंपर भरण्याचे काम रोजचे नसेल, तर मी गोलाकारच सुचवेन. जेसीबीच्या रोबोट मशीनची रचना आणखी निराळी: आर्म एकाच बाजूला आणि दार दुसऱ्या बाजूला. बाकीच्या बहुतेक मशीनमध्ये बकेट ओलांडून समोरून चढावे लागते. दिवसातून वीस वेळा उतरावे लागत असेल, तर ऑपरेटरच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

आणि आता तेल, म्हणजे हायड्रॉलिक फ्लो. ही बाब विचारायची बहुतेकांकडून राहून जाते आणि नंतर तीच सर्वांत महाग पडते. साध्या मशीनचा पंप अटॅचमेंटला मिनिटाला साधारण ६० ते ९० लिटर तेल देतो; हाय-फ्लो मशीन ११० च्या पुढे जाते. दाब २०० बार धरला, तर मिनिटाला ७५ लिटर म्हणजे सुमारे २५ किलोवॅट, जवळपास ३४ अश्वशक्ती अटॅचमेंटपर्यंत पोहोचते. १२० लिटरला हीच ताकद ४० किलोवॅट, म्हणजे ५४ अश्वशक्ती होते. त्यामुळे ५० अश्वशक्तीच्या इंजिनाचे मशीन दाखवून कोणी ‘हाय-फ्लो आहे’ म्हणत असेल, तर त्याच्या बोलण्यावर विसंबू नका. ब्रेकर, ऑगर, रस्ता झाडायचा ब्रूम, ट्रेंचर ही कामे योग्य आकाराची अटॅचमेंट निवडली तर साध्या फ्लोवर होतात. डांबरी रस्ता खरवडणारा मिलिंग ड्रम आणि झाडझुडूप दळणारा मल्चर यांना मात्र हाय-फ्लोच हवा. कमी फ्लोवर मल्चर चालवला तर तो फिरतो, पण फांदी आली की थांबतो, तेल तापते आणि दिवसभर राबूनही काम पुढे सरकत नाही.

कागदावर मशीन पसंत पडले की बघायला जा, आणि सकाळी जा. आधीच सांगून ठेवा की मशीन चालू करू नका. पोहोचल्यावर पहिली गोष्ट म्हणजे इंजिनच्या ब्लॉकला हात लावून बघा. ते गरम असेल तर विक्रेत्याने मुद्दाम तापवून ठेवले आहे, असे समजून पुढची तपासणी दुप्पट सावधपणे करा. थंड इंजिन स्टार्टर मारल्यावर किती वेळ घेते, धूर कसा येतो, ते बघा. थंडीत थोडा पांढरा धूर लगेच निवळला तर चिंता नाही. निळा धूर राहिला तर ऑइल जळते आहे. ऑइल भरायचे झाकण चालू इंजिनवर सैल करून पाहा; तिथून भकाभका हवा आली तर इंजिन बॅक कंप्रेशन मारते आहे आणि ओव्हरहॉल जवळ आले आहे. एकट्या अवर मीटरवर विश्वास ठेवू नये. मीटर दीड हजार तास दाखवतो आणि लिव्हरची मूठ गुळगुळीत झालेली, सीट फाटलेली, पायरी घासून चकाकणारी, असा मेळ बसत नसेल, तर मशीन जे सांगते आहे ते खरे.

मग अर्धा-पाऊण तास मशीन राबवा. मातीच्या ढिगात बकेट घुसवा, भरा, उचला, मागे या, पुन्हा घुसवा. हायड्रॉलिकचे दुखणे थंड तेलात दिसत नाही. थंड तेल घट्ट असते, झिजलेल्या पंपातूनही ते दाब धरते. तेल तापून पातळ झाले की आतली गळती सुरू होते आणि सकाळी ढीग ढकलणारे मशीन दुपारी त्याच ढिगापुढे थांबते. तापल्यावर बकेट ढिगात रोवून पुढे रेटा. दोन्ही बाजूंची चाके सारख्या जोराने फिरली पाहिजेत. एक बाजू दमत असेल, तर त्या बाजूचा ड्राइव्ह पंप किंवा मोटर गेलेली असण्याची शक्यता मोठी, आणि या मशीनमधला सर्वांत मोठा खर्च हाच. त्यानंतर सपाट जागेवर दोन्ही लिव्हर पूर्ण पुढे देऊन सरळ चालवा. मशीन एका बाजूला ओढत असेल तर लगेच घाबरू नका. आधी चारही टायरचा आकार आणि हवा सारखी आहे का ते बघा. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला झिजलेले टायर असले तरी मशीन तिरपे जाते. टायर सारखे असूनही ओढ राहिली, तर जाणकार फिटरकडून दोन्ही बाजूंचे होज अदलून पाहता येतात. दोष बाजू बदलतो का, यावरून पंप की मोटर हे कळते.

चेनची तपासणी फारसे कोणी करत नाही, आणि म्हणूनच ती करा. दोन्ही बाजूंना चेसिसच्या आत तेलाने भरलेला बंद कप्पा असतो. त्यात मोटरपासून पुढच्या-मागच्या ॲक्सलपर्यंत चेन जाते. त्याचा प्लग उघडून स्वच्छ तार आत बुडवा आणि उन्हात धरा. तेल काळपट असेल तर चालते. दुधासारखे झाले असेल तर पाणी शिरले आहे; शेणाच्या पाण्यात राबलेल्या किंवा प्रेशरने धुतलेल्या मशीनमध्ये ते होऊ शकते. तारेवर चमकणारी कणी दिसली तर चेन किंवा स्प्रॉकेट खाल्ले जात आहेत. मग मशीन जॅकवर उचलून, खाली भक्कम ठोकळे लावून, एकेक चाक हाताने मागेपुढे हलवा आणि चारही चाकांचा प्ले ताडून पाहा. एखादेच चाक जास्त सैल असेल तर तिथली चेन ताणली आहे. पुढे-मागे दिशा बदलताना खाड्कन आवाज येत असेल, तर तोही याच घरातला.

आर्म वर करून पिन-बुशचा प्ले, वेल्डिंगवरच्या भेगा, सिलिंडरचे रॉड बघा. रॉडवरून नख फिरवा. नख अडले म्हणजे क्रोम उडाले आहे आणि सील टिकणार नाही. गळती शोधताना मात्र होजवर हात फिरवू नका. दाबाखालचे तेल सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून कातडीच्या आत शिरते. वरून जखम किरकोळ दिसते, पण हात कापायची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून तपासा. आणि तेल घुसल्याचा नुसता संशय आला तरी तासभरही न थांबता हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना काय झाले ते स्पष्ट सांगा.

एका बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही. सीटवर माणूस नसेल किंवा समोरचा सीट बार वर असेल, तर आर्म हलता कामा नये, अशी कुलुपाची व्यवस्था या मशीनमध्ये असते. जुन्या मशीनमध्ये सेन्सर बिघडला की वायर जोडून ती बंद करून टाकतात. मग ऑपरेटर उतरताना लिव्हरला धक्का लागतो आणि आर्म खाली येतो. आर्म आणि चेसिस यांच्यामध्ये सापडलेला माणूस वाचणे कठीण असते. बार वर करून लिव्हर हलवून बघा. आर्म हलला तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा आणि ती दुरुस्ती झाल्याशिवाय मशीन कामावर नेऊ नका. आर्म वर टेकवून ठेवायचा लॉक मशीनवर आहे का, हेही बघा. तो हरवला असेल तर कंपनीचाच घ्या, पाइप कापून केलेला जुगाड नको.

कागदांचे थोडक्यात. इंजिन आणि चेसिस नंबर पुसून, स्वतः वाचून आरसीशी जुळवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा उतरवायला फॉर्म ३५ लागतो. बोजा उतरल्याचे बँकेचे पत्र हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. कारखान्याच्या आवारातच राबलेल्या मशीनची कधी कधी नोंदणीच झालेली नसते, तिथे मूळ बिल मागा आणि पुढे नोंदणी होईल का ते आरटीओत आधी विचारा. मशीन कोणत्या सालचे, यावर दुरुस्तीचीही गोष्ट ठरते. एप्रिल २०२१ पासून बांधकाम यंत्रांना प्रदूषणाचा चौथ्या टप्प्याचा नियम लागू झाल्यावर बऱ्याच इंजिनांत सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक पंप आले. ती स्वच्छ चालतात, पण बिघडली तर लॅपटॉप लावणारा सर्व्हिसवालाच लागतो. तालुक्याच्या गावी काम करणार असाल आणि कंपनीची सर्व्हिस शंभर किलोमीटरवर असेल, तर साध्या पंपाचे जुने इंजिन अजूनही शहाणपणाचे आहे.

अटॅचमेंट घेताना पहिली गोष्ट जोडणीच्या पाटीची. बॉबकॅटने १९७० मध्ये आणलेल्या झटपट जोडणीच्या धर्तीवरची पाटी पुढे सर्वमान्य झाली आणि आता तिचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यामुळे एका कंपनीच्या मशीनला दुसऱ्या कंपनीची अटॅचमेंट सहसा बसते. फार जुन्या मशीनची पाटी मात्र वेगळी असू शकते, म्हणून मोजून घ्या. लावल्यावर खालच्या दोन्ही पाचरीच्या पिना भोकातून आरपार बाहेर आल्या आहेत का, ते उतरून डोळ्यांनी बघा. लिव्हर खाली बसला म्हणजे पिन बसली, असे नाही.

ऑगर फळबागवाल्यांना फार उपयोगी. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आंब्यासाठी एक मीटर लांब, रुंद, खोल खड्डा सांगितलेला असतो; दीड फुटी ऑगरचे एक भोक म्हणजे तो खड्डा नव्हे. एकाशेजारी एक चार-पाच भोके पाडून मधली माती काढावी लागते. दुसरे, ओल्या काळ्या मातीत ऑगर फिरला की खड्ड्याची भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते. त्या भिंतीतून ना पाणी झिरपते ना मूळ शिरते. रोप कुंडीत लावल्यासारखे अडकून राहते. वाफसा आल्यावरच खड्डे घ्या आणि रोप लावण्याआधी पहारीने भिंती खरवडून मोकळ्या करा. ठिबकची मेन लाइन टाकायला ट्रेंचर झकास चालतो, पण गोटे असलेल्या मुरमात त्याचे दात पटापट जातात. तशी जमीन असेल तर ट्रेंचर विकत न घेता भाड्याने आणा.

ब्रेकर सगळ्यांनाच हवा असतो. कोकण-गोव्यातला जांभा, जुने काँक्रीट, घाटावरचा सुटा दगड या मशीनच्या ब्रेकरने फुटतो. अखंड काळ्या पाषाणात मात्र तो वेळ खातो आणि आर्मच्या पिना खिळखिळ्या करतो. तिथे पोकलेनच बोलवा. चिझेल दगडाला काटकोनात टेकवून, वरून दाब देऊन मगच चालवा. हवेत ठोके मारू नका. अर्ध्या मिनिटात दगडाला भेग गेली नाही तर जागा बदला. ग्रीस भरताना ब्रेकर उभा करून चिझेल जमिनीवर दाबून आत बसवा, नाहीतर ग्रीस पिस्टनखाली साचते आणि पहिल्याच ठोक्याला सील फाटते. साधे ग्रीस उष्णतेने वितळून जाते, चिझेलचे वेगळे ग्रीस मिळते तेच वापरा. ब्रेकर लावणार असाल तर समोर जाड पॉलीकार्बोनेटचे दार हवेच. जुना ब्रेकर घेताना चिझेल धरून हलवा. खूप डुलत असेल तर आतले बुश संपले आहेत. नायट्रोजनचा दाबही तपासून घ्या.

टॅक कोट मारण्याआधी रस्ता झाडायला ब्रूम लागतो, आणि त्या कामाला मागणी आहे. झाडू जमिनीला जेमतेम टेकला पाहिजे; दाबून चालवला तर केस लवकर संपतात आणि धूळही नीट निघत नाही. वेगाने फिरणाऱ्या अटॅचमेंटच्या मोटरला बऱ्याचदा तिसरा बारीक होज असतो, तो केस ड्रेनचा. मशीनला ती जोडणी नाही म्हणून काही जण तो होज बांधून ठेवतात आणि मोटरचे सील उडते. सौद्याआधी मशीनवर ती जोडणी आहे का बघा. सगळी कपलिंग जोडण्याआधी फडक्याने पुसायची सवय ऑपरेटरला पहिल्या दिवशीच लावा. तिथून शिरलेली धूळ थेट पंपापर्यंत जाते.

मशीन घरी आल्यावर आधीच्या मालकाने काय केले होते याचा विचार न करता इंजिन ऑइल, हायड्रॉलिक तेल, चेनकेसचे तेल आणि सगळे फिल्टर एकदम बदला. हा खर्च खरेदीच्या किमतीतच धरा. त्यानंतर रोज सकाळी प्रत्येक निप्पलला ग्रीस, आणि दर संध्याकाळी रेडिएटर आतून बाहेर हवा मारून साफ. पोल्ट्री, जिनिंग, बगॅस असे काम असेल तर दुपारीही साफ करा, कारण जाळी चोंदली की आधी तेल तापते आणि मग पंप. टायरची हवा आठवड्याला मोजा आणि बदलायचे झाले तर निदान एका बाजूची जोडी एकाच मापाची ठेवा. काँक्रीटवर जागच्या जागी गरगर फिरवण्यापेक्षा थोडे पुढे-मागे करून वळवले तर टायर कितीतरी जास्त टिकतात.

ट्रेलरवर चढवताना रिकाम्या मशीनचे वजन मागे असते, म्हणून ते उलटे, मागची बाजू वर ठेवून चढवायचे. बकेट भरलेली असेल तर वजन पुढे येते, तेव्हा पुढची बाजू वर. उतारावरही हाच नियम: जड बाजू नेहमी चढाकडे, आणि बकेट जमिनीलगत.